‘रोमिओ आणि ज्युलिएट’ गावात बसवताना: सल्ल्याचे प्रसंग कसे उभे करावेत

गावच्या मंडळानं शेक्सपिअरचं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ घ्यायचं ठरवलं की तालमीचा सगळा जोर तीन ठिकाणी जातो: गच्चीवरचं बोलणं, तलवारबाजी आणि शेवटचं थडगं. मधले प्रसंग ‘नुसतं बोलणं आहे, होऊन जाईल’ म्हणून मागं पडतात. मग रात्री दोन वाजता मंडपात चुळबुळ सुरू होते आणि लोक चहाच्या टपरीकडे वळतात. ज्याला नुसतं बोलणं म्हटलं जातं, तेच या नाटकाचं पोट आहे. वैरी घराण्यांतल्या या दोन पोरांना जो भेटतो तो सल्ला देतो. मित्र देतात, आई देते, दाई देते, पाद्री तर सारखा देतो. त्यातले बरेच सल्ले शब्दशः बरोबर आहेत. तरी पोरं मरतात.

म्हणून पहिला नियम: सल्ला देणाऱ्या प्रत्येक नटानं आपला सल्ला खरा मानूनच बोलायचं. पुढं वाईट होणार आहे हे त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसता कामा नये. पाद्र्याला ढोंगी आणि दाईला चालू बाई करून टाकलं की प्रेक्षक सुटतो. दोष त्या दोघांचा, आपला काही संबंध नाही, असं त्याला वाटतं. तो सुटू नये. मंडपात बसलेल्या प्रत्येक बापानं, काकानं, मावशीनं असलाच सल्ला कधी ना कधी दिलेला असतो.

आधी भिंतीवर दिनदर्शिका लावा

तालीम समाजमंदिरात असो की शाळेच्या वर्गात, पहिल्या रात्री एका मोठ्या कागदावर पाच दिवस लिहून टांगा. रविवार: सकाळी रस्त्यावर मारामारी, रात्री मेजवानी, मग गच्ची. सोमवार: पहाटे रोमिओ पाद्र्याकडे, दुपारी गुपचूप लग्न, त्यानंतर लगेच रोमिओच्या हातून ज्युलिएटच्या मामेभावाचा, टिबॉल्टचा, खून आणि रोमिओला हद्दपारी, रात्री नवरा-बायकोची एकच भेट. मंगळवार: पहाटे ताटातूट, आईबापाचा संताप, दाईचा सल्ला, पाद्र्यानं दिलेली गुंगीच्या औषधाची कुपी, रात्री ती कुपी तोंडाला. बुधवार: ज्युलिएट ‘मेलेली’ सापडते. शेवटची रात्र थडग्यात.

हा कागद नसला की नट महिनाभर चाललेली प्रेमकथा असल्यासारखा संथ बोलतो. पाद्री ‘हळू चाल’ म्हणतो आणि त्याच दुपारी स्वतः लग्न लावून देतो, हे नटाला कागद पाहिल्यावरच उमगतं. ते उमगलं की आवाज आपोआप बदलतो.

एक तारीख विशेष जपायची. बापानं ज्युलिएटचं पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न आधी गुरुवारी ठरवलं आहे. त्या हिशेबानं पाद्री सांगतो की बुधवारी रात्री एकटी झोप आणि औषध घे. ज्युलिएट घरी जाऊन बापाची माफी मागते. बाप इतका खूश होतो की लग्न बुधवारवर आणतो. औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं. पोरीनं सल्ला तंतोतंत पाळला, म्हणूनच बेत चोवीस तास अलीकडं आला. बापाचं हे एक वाक्य गर्दीत, हसण्यात, ताटवाट्यांच्या आवाजात हरवलं तर पुढचं काहीच कळणार नाही. त्या वाक्याआधी ऑर्गन आणि तबला पूर्ण थांबवा, बापाला माईकखाली आणा आणि ‘उद्याच’ हा शब्द दोनदा म्हणायला लावा.

कोणते सल्ले ठेवायचे

झाडीपट्टीतल्यासारखं रात्रभराचं नाटक असेल तर सगळे ठेवता येतात. तीन तासांत उरकायचं असेल तर पूर्ण लांबीचे पाच पुरे: पहाटेचा पाद्री, लग्नाआधीचा पाद्री, हद्दपारीनंतरचा पाद्री, दाई आणि कुपी. यांना मिळून पन्नास मिनिटं राखून ठेवा. गाणी आणि लावण्या या पन्नास मिनिटांबाहेर.

रोमिओच्या मित्रांचे, म्हणजे बेन्वोलिओचा सल्ला (‘दुसरी एखादी पाहा, ही विसरशील’) आणि मर्क्युशिओचा सल्ला (‘प्रेम छळत असेल तर तूही प्रेमाला छळ’) हे पानठेल्यावरचे सल्ले आहेत. ते हसतखेळत, चालता चालता, दीड-दोन मिनिटांत होऊ द्या. बेन्वोलिओचा सल्ला मात्र कापू नका. दुसऱ्या पोरी पाहायला म्हणून तो मित्राला मेजवानीला नेतो आणि तिथंच रोमिओला ज्युलिएट दिसते. सगळ्या नाटकात सुचवल्यासारखा फळलेला हा एकच सल्ला, आणि तोही देणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त.

आईचा प्रसंग छोटा आहे, पण आपल्याकडं तो जड जातो. ज्युलिएटला चौदा पूर्ण व्हायला दोन आठवड्यांवर थोडे दिवस आहेत आणि आई म्हणते, तुझ्या वयात मी तुझी आई झाले होते. हे वाक्य ठेवा. मंडपात खाली बसलेल्या म्हाताऱ्या बायांना ते ऐकू जायला हवं, कारण त्यांतल्या कित्येकींचं आयुष्य त्या वाक्यात आहे. प्रेमाच्या प्रसंगांत मात्र तिचं वय उच्चारू नका, आणि भूमिकेसाठी अठरा पूर्ण झालेलीच मुलगी घ्या. मुलीसाठी लग्नाचं किमान वय १८ आणि मुलासाठी २१ असल्याचं सूत्रधाराच्या तोंडी सुरुवातीलाच घालता येतं. त्याला एक वाक्य लागतं.

पाद्री कोणाला द्यायचा

लॉरेन्स हा इटलीतल्या व्हेरोना शहरातला फ्रान्सिस्कन पंथाचा साधू. जाडाभरडा तपकिरी झगा, कमरेला दोर. त्याला भगवी वस्त्रं देऊन महाराज करू नका, आणि पांढरी टोपी घालून कीर्तनकारही करू नका. एक तर लोक हसतील, नाही तर दुखावतील. त्याला आपल्या मातीशी जोडणारी गोष्ट वेगळी आहे. त्याला झाडपाला कळतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो उजाडताना टोपली घेऊन पाला गोळा करत असतो. गावातल्या वैदूला ओळखणाऱ्या प्रेक्षकाला हा माणूस लगेच कळतो.

नट पन्नाशीच्या आसपासचा, मुळात प्रेमळ आवाजाचा असावा. गावात ज्याच्याकडं लोक खरोखर विचारायला जातात असा माणूस नटसंचात असेल तर त्यालाच घ्या. खलनायक रंगवणारा खर्जातला आवाज इथं चालत नाही.

टोपली बांबूची, साधारण दीड फूट तोंडाची. तीत कडुनिंब, बेल, तुळस, गवती चहा असा निरुपद्रवी पाला भरा, तोही प्रयोगाच्याच दिवशी तोडलेला, म्हणजे हिरवा दिसतो. एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही असतं असं तो म्हणतो. तिथं धोत्रा दाखवायचा मोह होतो. खरा धोत्रा आणू नका. त्याचं पान, फूल, बी सगळंच विषारी आहे आणि विंगेत लहान पोरं फिरत असतात. कागदाचं मोठं पांढरं फूल मागच्या रांगेतून जास्त चांगलं दिसतं. बिब्बाही नको, त्याचा चीक लागला की कातडीवर फोड येतात.

मूळ संहितेत हे पहाटेचं स्वगत तीस ओळींचं आहे. आठ ओळी पुरतात, पण फुलाची गोष्ट कापू नका. कुपीच्या प्रसंगात तीच परत येते.

भाषेसाठी एक युक्ती हमखास लागू पडते. पाद्री तत्त्वज्ञान बोलतो तेव्हा प्रमाण मराठी, आणि काळजीनं बोलतो तेव्हा आपली बोली. ‘प्रेमातही मर्यादा असावी, अतिशय गोड मधानंही तोंड फिरतं’ हे पुस्तकी. पहाटेच्या प्रसंगात रोमिओ दाराकडं धावतो तेव्हा मात्र पाद्र्याच्या तोंडून निघतं: ‘हळू चाल बाबू, जो धावते त्याले ठेस लागते.’ लोक दुसरं वाक्य घरी घेऊन जातात. दाई आणि नोकर मंडळी सुरुवातीपासूनच बोलीत बोलू द्या.

लग्नाआधीचा प्रसंग चार मिनिटांच्या वर नेऊ नका. पाद्री सबुरी शिकवत असतो आणि दोघं एकमेकांकडं पाहत असतात. त्यांना ऐकू येत नाही हे दिसलं की प्रसंग झाला.

हद्दपारीनंतरची रात्र

सगळ्यात जास्त तालीम या प्रसंगाला द्या, निदान चार रात्री फक्त याच्यासाठी. रोमिओ पाद्र्याच्या खोलीत लपला आहे. देहदंड टळून हद्दपारीवर भागलं, ही पाद्र्याला आनंदाची बातमी वाटते आणि रोमिओला मरणापेक्षा वाईट. तो जमिनीवर लोळण घेतो.

पहिली चूक इथंच होते. बहुतेक गावांत माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला वरून लोंबत असतात. नट जमिनीवर पडला की त्याचा आवाज माईकच्या खालून निघून जातो आणि मागच्या बैठकीला फक्त हुंदके ऐकू येतात. उपाय सोपा आहे. मधल्या माईकच्या बरोबर खाली दोन फूट उंचीचा ओटा किंवा मजबूत बाज ठेवा. रोमिओनं त्यावर पालथं पडायचं, डोकं प्रेक्षकांकडं आणि तोंड एका बाजूला वळलेलं. जमिनीवर लोळण घ्यायचीच असेल तर शब्द संपल्यावर.

दुसरी चूक पाद्र्याच्या चढणीची. प्रसंग दोन भागांत तोडून तालीम करा. पहिल्या भागात पाद्री समजूत घालतो: जग मोठं आहे, धीर धर, तत्त्वज्ञान हे संकटातलं दूध आहे. रोमिओ उसळतो. त्या तत्त्वज्ञानातून एक ज्युलिएट घडवता येते का, नसेल तर काय कामाचं? जे तुम्ही भोगलं नाही त्यावर बोलू नका. या उत्तरावर पाद्र्याला गप्प करा. तीन आकडे मनात मोजायला लावा. वयानं मोठ्या, शिकल्या-सवरलेल्या माणसाजवळ उत्तर नाही, हे लोकांना पाहू द्या. ही तीन सेकंदं नटांना फार लांब वाटतात आणि ते ती खाऊन टाकतात. दिग्दर्शकानं इथं हट्ट सोडू नये.

मग दाई येते, ज्युलिएट रडते आहे हे सांगते, आणि रोमिओ खंजीर उपसतो. खंजीर लाकडी, चंदेरी रंग दिलेला, टोक गोल. आत जाणाऱ्या पात्याचा स्प्रिंगवाला खंजीर जत्रेत मिळतो, पण तो ऐन वेळी अडकतो. त्यावर भरवसा ठेवू नका. १५९७ च्या छापील प्रतीत खंजीर दाई हिसकावून घेते अशी सूचना आहे. ती पाळाच. पाद्री बोलत राहतो आणि हात दाईचा पोचतो. दाईनं पातं धरायचं नाही, रोमिओचं मनगट धरायचं, दोन्ही हातांनी, आणि खंजीर आपल्या लुगड्याच्या ओच्यात लपवायचा. तो पुढं कोणाच्या पायाखाली येत नाही.

यानंतरचं पाद्र्याचं भाषण मूळात पन्नास ओळींच्या घरात आहे. वीस ठेवा, पण क्रम मोडू नका. आधी राग: पुरुषासारखा दिसतोस आणि हे काय मांडलंस? मग तीन बोटं मोजून तीन गोष्टी: ज्युलिएट जिवंत आहे; टिबॉल्ट तुला मारणार होता, तू वाचलास; कायदा तुला मारणार होता, हद्दपारीवर भागलं. आणि शेवटी काम: आज रात्री तिच्याकडं जा, पहारा लागायच्या आत नीघ, मॅन्टुआ शहरात राहा, इथं सगळ्यांना सांगून तुला परत बोलावू. रोमिओ उठून बसतो तो या तिसऱ्या तुकड्यावर. दुःखात असलेल्या पोराला दिवस कसा काढायचा हे सांगितल्यावरच ऐकू येतं. म्हणून तिसरा तुकडा बोलीत, हळू, जवळ बसून, खांद्यावर हात ठेवून. पहिल्या तुकड्याचा चढा आवाज इथंही चालू राहिला तर प्रसंग वाया गेला. दाई म्हणते की असं ज्ञान ऐकत रात्रभर बसले असते. त्यावर हशा येतो, येऊ द्या.

दाई: मायेच्या तोंडून चुकीचा सल्ला

दाईनं ज्युलिएटला अंगावर पाजलं आहे. दूध तोडताना स्तनाला कडू पाला चोळल्याची गोष्ट ती पहिल्या अंकात सांगते. आपल्याकडं बाया त्यासाठी कडुनिंब लावतात, तेव्हा हे वेगळं समजवावं लागत नाही. तिची स्वतःची लेक, सुसान, ज्युलिएटच्याच वयाची, लहानपणी गेली. दाईचं काम करणाऱ्या बाईला हे दोन धागे पहिल्याच तालमीत सांगून ठेवा.

मंगळवारी सकाळी बाप घराबाहेर काढायची धमकी देऊन जातो, आई तोंड फिरवून जाते, आणि ज्युलिएट दाईला विचारते: आता तू सांग, काय करू? दाईचं उत्तर हलक्या आवाजात, पोरीचे केस सारखे करता करता: ‘माय, त्याच्या नावानं रडून का होते आता? तो तं गेला. हा पॅरिस पाह्य, राजावानी हाये.’ यात कपट नाही. धनी रागावला तर आपलीही भाकरी जाईल ही भीती आहे आणि पोरगी जगावी ही इच्छाही आहे. दोन्ही एकाच वेळी दाखवणं अवघड जातं. नटीला केसांवरच्या हातात माया ठेवू द्या आणि नजर ज्या दारानं बाप गेला त्या दाराकडं.

ज्युलिएट एवढंच विचारते: ‘मनापासून सांगून राहिली का तू?’ दाई हो म्हणते. त्यावर ज्युलिएट म्हणते की तू माझं फार समाधान केलंस. हे वाक्य रडत म्हणायचं नाही, ओरडूनही नाही. डोळे पुसून, शांतपणे, मोठ्या माणसासारखं. या ओळीपासून ती पोर राहत नाही. दाईला ते कळत नाही आणि ती आनंदानं निघते. दाई पूर्ण विंगेत जाईपर्यंत ज्युलिएटनं हलू नये. एवढा वेळ संगीतवाल्यांचा हात आवरायला लागतो. दुःखाचा आलाप त्यांना सुचतोच.

कुपी

कुपी काचेची नको. पितळेची छोटी अत्तरदाणी किंवा प्लास्टिकची बाटली, वर रंग मारलेली. आत पिण्याचं साधं पाणी, आणि ते भरण्याची जबाबदारी एकाच माणसाकडं. पाद्र्यानं कुपी त्याच टोपलीतून, पाल्याखालून काढावी. फूल आठवतं, वेगळं वाक्य लागत नाही.

सूचना स्पष्ट आणि सावकाश: घरी जा, हसतमुख राहा, लग्नाला हो म्हण, रात्री एकटी झोप, हे पी, नाडी थांबेल, अंग गार पडेल, बेचाळीस तास तशीच राहशील, मी रोमिओला पत्र धाडतो, जागी होशील तेव्हा आम्ही दोघं तिथं असू. ज्युलिएटनं प्रत्येक सूचनेवर मान हलवावी. प्रेक्षकांना पाठ झालं पाहिजे.

बेचाळीस तासांबद्दल एक खबरदारी. मंगळवारी रात्री बाराला औषध घेतलं तर गुरुवारी संध्याकाळी सहाला जाग येते, पण थडग्याचा प्रसंग रात्रीचा आहे. हा हिशेब मूळातच नीट जुळत नाही. म्हणून आकडा बोला, घड्याळातली वेळ बोलू नका. ओलिताच्या पाळ्या मोजणारा शेतकरी मंडपात बसलेला असतो, तो बोटांवर मोजतो.

पत्र का पोचलं नाही तेही नीट सांगा. पत्र नेणारा जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला. टाळेबंदी पाहिलेल्या लोकांना हे दोन वाक्यांत कळतं.

रोमिओच्या विषाबाबत ठाम राहा. मूळात तो मॅन्टुआच्या औषधविक्याकडून चाळीस सोन्याची नाणी देऊन विष घेतो. आपल्याकडं काही मंडळी ‘लोकांना कळावं’ म्हणून तिथं फवारणीच्या औषधाचा डबा आणतात. आणू नका, नावही घेऊ नका. विदर्भात क्वचितच एखादं गाव असेल जिथं त्या डब्यानं कोणाचं घर उजाड केलेलं नाही, आणि ते घर मंडपात बसलेलं असतं. खरेदीचा प्रसंग एका मिनिटात, अंधारात, पिताना पाठ प्रेक्षकांकडं, तडफड नाही. मध्यंतरात आणि शेवटी मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक माईकवरून सांगा. तो मोफत आहे आणि कोणत्याही वेळी लागतो. त्यासोबत मुलांसाठीचा १०९८.

शेवटचा सल्ला

थडग्यात ज्युलिएटचा ओटाही दोन फुटांचा, डोक्याकडून चार-पाच इंच उचललेला, म्हणजे मागच्यांना चेहरा दिसतो. पौषातल्या थंडीत निजलेल्या नटीचा श्वास वाफेसारखा दिसतो. तोंडावर जाळीची ओढणी टाका आणि तिच्यावरचा दिवा मंद करा.

ती जागी होते. पाद्री सांगतो की रोमिओ गेला, पॅरिसही गेला. चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज येतो, आणि सोमवारपासून सबुरी शिकवणारा माणूस घाबरून पळतो. त्याला खरंच पळवा, झगा सावरत, ठेच लागेल असा. टोपली सोबत दिली असेल तर ती तिथंच राहू द्या. ज्युलिएटनं त्याच्या मागं पाहायचं नाही.

पुढं राजासमोर पाद्री सगळी हकिकत सांगतो, मूळात चाळीसेक ओळी. लोकांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून सहा ओळी ठेवा: लग्न मी लावलं, कुपी मी दिली, पत्र पोचलं नाही, मी पळालो, शिक्षा द्या. नटानं राजाकडं न पाहता दोन्ही बापांकडं पाहून बोलावं. त्यानंतर बापांनी हात मिळवले की पडदा लगेच टाका, पाद्री अजून उभा असतानाच.